नोकरी गेलीय, कार्डाचं बिल आलंय : मिनिमम भरू की पूर्ण?

पत्र असं आहे :

"ताई, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला सहा वर्षं होतो. ऑर्डर कमी झाल्या म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्हा काही जणांकडून राजीनामे लिहून घेतले. सिडकोत भाड्याने राहतो, बायको घरी शिवणकाम करते, तिचे महिन्याला साधारण ७,००० येतात, मुलगी तिसरीत आहे. घरखर्च भाड्यासकट २६,००० च्या आसपास. बँकेत ८५,००० आहेत. एका कार्डाचं बिल ४१,६०० आलंय, १८ तारीख शेवटची, हे कार्ड मी आजवर नेहमी पूर्ण भरलंय. दुसऱ्यावर ५८,००० आहेत, वडिलांच्या हॉस्पिटलचे, तिथं तीन महिने मिनिमम २,९०० भरतोय पण आकडा हलत नाही, आणि हे बायकोला माहीत नाही. मित्र म्हणतो ५० दिवस बिनव्याजी असतात, कॅश हातात ठेव, पहिल्याचंही मिनिममच भर, नाहीतर ओळखीच्या दुकानात २ टक्के देऊन कार्ड घास आणि त्या पैशातून दुसरं भर. तो असंही म्हणतो की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदेशीर आहे. बायकोला पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय, १८,००० चं, नो कॉस्ट ईएमआयवर मिळतंय. काय करू?"

भाऊ, तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते, कारण १८ तारीख जवळ आलीय आणि तुला लांबण लावून चालणार नाही. पहिल्या कार्डाचे ४१,६०० पूर्ण भर, एक रुपया मागे ठेवू नकोस. दुसऱ्या कार्डावर आजपासून काहीही घ्यायचं नाही, ते ५८,००० बँकेला सांगून ईएमआयमध्ये टाक. दुकानात कार्ड घासायचं नाही. मशीनचं होऊ शकतं पण एका अटीवर, ती पुढे सांगते.

आता मला माहितीये तुझ्या पोटात गोळा का येतोय. ८५,००० पैकी ४१,६०० भरले की हातात ४३,४०० उरतात, पगार नाही, आणि अशा वेळी कॅश सोडायची भीती वाटते, ती खोटी भीती नाही. नोकरी नसताना हातातला पैसा हाच खरा आधार असतो, हे मी पण मानते. पण मित्राने जे ५० दिवस सांगितले ना, ते कसे चालतात हे त्याने अर्धंच सांगितलंय.

ते ५० दिवस सगळ्या खरेदीला मिळत नाहीत. समज तुझं बिल ३० तारखेला बनतं आणि १८ तारखेला भरायचं असतं, तर १ तारखेला घेतलेल्या किराण्याला जवळपास ४८ दिवस मिळतात पण २९ तारखेला घेतलेल्या गोष्टीला जेमतेम १९ दिवस. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे दिवस मिळतात ते मागचं बिल पूर्ण भरलेल्यालाच. तू मिनिमम, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरलंस की ती सवलतच गेली. मग व्याज १८ तारखेपासून लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, ते प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मागे जाऊन लागतं. आणि वर नवीन जे काही घेशील, उद्या मेडिकलमधून २०० रुपयांची गोळी घेतलीस तरी, तिला एकही बिनव्याजी दिवस नाही, घासल्या दिवसापासून मीटर चालू.

तुझ्याच आकड्यांवर बघ. मिनिमम साधारण ५ टक्के असतं, म्हणजे २,०८० भरून तू ३९,५२० मागे ठेवतोस. बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. खरेदी महिनाभर पसरलेली धरली तर पुढच्या बिलात मागचं व्याज धरून साधारण २,५०० रुपये नुसतं व्याज-जीएसटीचं येईल. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला त्याच कार्डावर १५,००० चा घरखर्च केलास तर त्याचे वेगळे साडेपाचशे-पावणेसहाशे. म्हणजे घरात पगार नाही आणि एका महिन्यात तीन हजार असेच गेले, तुझ्या बायकोच्या शिवणकामातले जवळपास अर्धे. ३९,००० बचत खात्यात ठेवून बँक तुला महिन्याला शंभर रुपयेसुद्धा देत नाही. म्हणून म्हणते पूर्ण भर.

आणि पूर्ण भरल्यावर तू रिकाम्या हाताने बसत नाहीस, कारण तेवढी लिमिट परत मोकळी होते आणि बिनव्याजी दिवस शाबूत राहतात. पण इथंच एक सांगते, लिमिटला आपली बचत समजू नकोस. लिमिट बँकेची असते, ती कधीही कमी करू शकते, आणि दुसऱ्या कार्डावर तू मिनिमम भरतोयस हे सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदींत, सगळ्या बँकांना दिसतंच.

तर मग पहिलं कार्ड वापरायचं कसं. माझ्या मते नोकरी नसताना कार्डावर घ्यायचं ते फक्त तेवढंच जेवढे पैसे आत्ता खात्यात पडलेले आहेत. पुढच्या महिन्यात काम लागेल, मग भरू, या भरवशावर काहीही नाही. किराणा, महावितरणचं बिल, मुलीच्या व्हॅनचे पैसे व्हॅनवाला कार्ड घेत असेल तर, एवढंच कार्डावर, आणि त्या दिवशी तेवढीच रक्कम बायकोच्या खात्यात किंवा तुझ्या दुसऱ्या खात्यात लगेच टाकायची, की हे १८ तारखेचे आहेत, याला हात लावायचा नाही. यात फायदा व्याजाचा फार नाही हे खरं आहे, फायदा आहे तो दिवसांचा. तुझी ग्रॅच्युइटी यायचीय, पीएफ यायचाय, थर्ड पार्टी इन्स्पेक्शनची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल तपासून द्यायची, दोन-चार दिवसांची कामं मिळाली तर त्यांचं पेमेंट महिन्याने येतं, तर असा येणारा पैसा आणि जाणारा पैसा यांच्यातलं अंतर ते ४०-४५ दिवस भरून काढतात. येणारा पैसा ठरलेला असेल तरच. नसेल तर ते अंतर नाही, तो खड्डाच आहे.

भाडं मात्र कार्डावरून द्यायच्या भानगडीत पडू नकोस, त्यात फी जाते. आणि एटीएममधून कार्डाने कॅश काढायचीच नाही, कितीही अडचण आली तरी. कॅशला बिनव्याजी दिवस नसतातच, पहिल्या दिवसापासून व्याज, वर अडीच टक्क्यांच्या आसपास फी, बऱ्याच बँकांत ती कमीत कमी ५०० रुपये असते, म्हणजे २,००० काढलेस तरी ५०० गेले.

आता दुसरं कार्ड. तुझं स्टेटमेंट उघड, पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोड, आत जिथं तारीखवार व्यवहार लिहिलेले असतात तिथं जा. तिथं फायनान्स चार्जेस किंवा इंटरेस्ट अशी एक ओळ असेल आणि तिच्याच खाली जीएसटीची. ५८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे २,०३०, त्यावर जीएसटी ३६५, झाले साधारण २,३९५. तू भरलेस २,९००. म्हणजे मुद्दलात गेले ५०० रुपये. तीन महिन्यांत तू ८,७०० भरलेस आणि कर्ज कमी झालं फक्त दीड हजाराने. आकडा हलत नाही म्हणतोस ते यामुळे, तुझी काही चूक नाही, मिनिमम भरण्याची रचनाच तशी आहे. मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि खातं रेग्युलर दिसतं, तेवढाच त्याचा उपयोग.

म्हणून ते ईएमआयमध्ये टाक. बँकेच्या ॲपमध्ये आउटस्टँडिंग किंवा बिल ईएमआयमध्ये बदला असा पर्याय असतो, नसेल तर कस्टमर केअरला फोन कर. साधारण १५-१८ टक्के वर्षाच्या दराने मिळतं. १६ टक्के धर आणि १८ महिने धर, तर हप्ता बसतो ३,६५० च्या आसपास. तू आत्ता २,९०० भरतोयसच, वर ७५० टाकायचे, व्याजावरचा जीएसटी थोडा वेगळा लागेल आणि एकदाच प्रोसेसिंग फी, पण १८ महिन्यांत विषय संपतो. सगळं मिळून व्याज साधारण ७,६०० आणि त्यावर जीएसटी १,४०० च्या आसपास. आत्ताच्या पद्धतीने तेवढं व्याज तू चार महिन्यांतच भरून टाकशील आणि कर्ज जागच्या जागी. हे काम या आठवड्यातच कर, कारण खातं नियमित आहे तोवर बँका हे सहज देतात, एकदा हप्ते चुकायला लागले की तोच पर्याय ॲपमधून गायब होतो. नोकरीबद्दल विचारलं तर खोटं सांगू नकोस, बऱ्याचदा विचारतही नाहीत.

ईएमआय झाल्यावर त्या कार्डावर ऑनलाइन खरेदी बंद करून ठेव, ॲपमध्ये बटण असतं, आणि ते कार्ड ज्या ज्या ॲपला जोडलंय तिथून काढ. ओटीटीचे ८०-१०० रुपये आपोआप कटत असतील तर तेही बघ. जुनं कर्ज आणि नवा खर्च एका कार्डावर कधीच ठेवायचे नाहीत, तुझ्या पत्रातली खरी गोम हीच आहे. एक कार्ड स्वच्छ ठेवायचं, घरखर्चाचं, दर महिन्याला पूर्ण भरायचं. दुसऱ्यावर फक्त हप्ता. दोन्ही कार्डांवर थोडं थोडं थकवलं की दोन्हीकडचे बिनव्याजी दिवस जातात आणि मग कितीही काटकसर केलीस तरी पुरवठ्याला येत नाही.

मित्राच्या २ टक्क्यांबद्दल खरं ते सांगते. आकडा नुसता बघितला तर ५८,००० वर २ टक्के म्हणजे १,१६०, आणि ते २,३९५ पेक्षा कमीच आहेत, म्हणून लोकांना हे पटतं, नाशकात किती दुकानांत हे चालतं ते मला माहितीये. पण त्यात काय होतं ते बघ. दुकानदार विक्री न करता विक्री दाखवतो आणि २ टक्के घेऊन तुला रोख देतो, ते कार्डाच्या नियमांच्या विरुद्ध आहे. दर महिन्याला एकाच दुकानात तोच मोठा आकडा घासला गेला की बँकेच्या सिस्टिमला ते दिसतं, कार्ड ब्लॉक होतं, कधी बँक सगळी रक्कम एकदम मागते. नेमका त्या दिवशी तुझ्याकडे पगार नसेल आणि दुसरं कार्ड त्याच पैशाने भरायचं ठरलेलं असेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि समजा नाही पकडलं, तरी वर्षाला १२ वेळा १,१६० म्हणजे १३,९२० गेले आणि ५८,००० तसेच्या तसे, शिवाय तुझं स्वच्छ कार्ड यात जातं, जे तुझ्याकडे आत्ता सगळ्यात कामाचं आहे. त्याला नाही म्हण. मित्र तुझं वाईट चिंतत नसेल, पण नाही म्हण.

३० टक्क्यांचं पण सांगते, म्हणजे त्या भरवशावर बँकेशी भांडायला जाऊ नकोस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं हे खरं, पण सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. आता बँक ४२ टक्केही लावू शकते, फक्त ते आधी स्पष्ट सांगितलेलं असायला हवं. भांडायचंच असेल तर ज्या गोष्टी रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या नियमांत लिहून दिल्यात त्यावर भांड. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते आणि थकबाकी म्हणून सिबिलला कळवता येतं. लेट फी थकलेल्या रकमेवरच लावायची, पूर्ण बिलावर नाही. बिलाची तारीख बदलून मागायचा तुला हक्क आहे, घरात पैसे कुठल्या तारखांना येतात ते बघून ती बदलून घे, याचा लोक वापरच करत नाहीत.

आता पैसे येणार कुठून, कारण नुसतं कार्ड सांभाळून घर चालत नाही. तू पत्रात ग्रॅच्युइटीचा उल्लेखच केला नाहीस, त्यामुळे मला शंका आली की ती तू मागितलीच नाहीयेस. सहा वर्षं झालीत ना, पाच पूर्ण झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, लिहून घेतलेला असो की मनाने दिलेला. हिशेब असा, शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुझा बेसिक मला माहीत नाही, समज १८,००० होता, तर ६२,३०० च्या आसपास होतात. कंपनीला लेखी अर्ज दे, पोच घे, ३० दिवसांत द्यायला लागते. टोलवाटोलवी केली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जायचं, एकटा नको, तुमच्यातले जेवढे आहेत तेवढे मिळून जा. सगळे एकत्र आले की ऑफिसातला माणूस पण फाइल बाहेर काढतो. उरलेल्या रजांचे पैसे, राहिलेला पगार, हे पण त्याच अर्जात लिही.

पीएफमधली ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम नोकरी नसताना काढता येते. पोर्टलवर तुझी नोकरी सोडल्याची तारीख पडलीय का बघ, कंपनीने टाकली नसेल तर दोन महिन्यांनंतर तुला स्वतःलाच टाकता येते, आणि तुझे दोन महिने झालेत. पाच वर्षांच्या वर नोकरी आहे म्हणून टॅक्सही कापला जाणार नाही. काढावा का हा प्रश्न वेगळा. त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळतंय, म्हातारपणाचा पैसा आहे, मला तो हलवायला आवडत नाही, पण ४२ टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवून ८.२५ टक्के कमवायचे यात काही शहाणपणा नाही. तुझं कर्ज ईएमआयमध्ये १६ टक्क्यांवर आलं तर पीएफला शेवटी हात लाव, नाही आलं तर आधी पीएफ काढ आणि ते कार्ड संपवून टाक.

आणि ग्रॅच्युइटी आली की लगेच ती सगळी कर्जात ओतू नकोस, हे मुद्दाम सांगते कारण कर्ज डोक्यावर असलं की माणूस हातात आलेलं सगळं तिथं भरून मोकळा होतो आणि पुढच्या महिन्यात भाड्याला परत कार्ड काढतो. तुझा खर्च २६,०००, वहिनीचे ७,०००, म्हणजे १९,००० कमी पडतात, वर हप्ता ३,६५०, झाले महिन्याला २२-२३ हजार. उरलेले ४३,४०० दोन महिने पुरत नाहीत, ग्रॅच्युइटी धरली तर साडेचार महिने निघतात. तेवढे साडेचार महिने रोख हातात असणं हे १६ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडण्यापेक्षा मोलाचं आहे. काम लागल्यावर मग फेड, तेव्हा आधी बंद करायचे चार्जेस किती ते विचारून घे.

वहिनीला सांग. आजच सांग, ईएमआयचं करायच्या आधी. वडिलांच्या दवाखान्याचं कर्ज आहे, तू काही उधळलेलं नाहीयेस, मग लपवतोस कशाला? माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत कर्जापेक्षा ते लपवल्याचंच दुःख जास्त असतं. तिला माहीत नसेल तर ती त्याच दुसऱ्या कार्डावरून मुलीचे बूट ऑर्डर करेल, आणि तिचा काय दोष. दोघांनी मिळून बसा, दोन्ही स्टेटमेंट समोर ठेवा, भाडं, शाळा, गॅस, औषधं, काय काय कधी येतं ते कॅलेंडरवर लिहा. ती महिन्याला ७,००० कमावतेय आणि आत्ता घरात येणारा एकमेव पैसा तिचा आहे, तर निर्णयात ती असायलाच पाहिजे.

तिच्याकडे सोनं असेल आणि बँकेने ईएमआय दिलाच नाही, पीएफलाही वेळ लागला, तर राष्ट्रीयीकृत बँकेचं गोल्ड लोन हा एक मार्ग आहे, वर्षाला साधारण ९ ते १२ टक्के. ५८,००० वर १० टक्क्यांनी महिन्याला पाचशेच्या आत व्याज पडतं, २,३९५ च्या जागी. सोनं ठेवायला सांगते म्हणून काहींना राग येईल, पण कपाटात सोनं आणि कार्डावर ४२ टक्के हे मला जास्त त्रासाचं वाटतं. फक्त तिने हो म्हटलं तर, तिच्या नावावर, आणि ते कार्ड त्याच दिवशी शून्य करून.

मशीनचं. नो कॉस्ट ईएमआय फुकट नसतो पण तुझ्या बाबतीत स्वस्त पडू शकतो. दुकानदार किंवा कंपनी व्याजाइतका डिस्काउंट देते आणि बँक ते व्याज लावते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्या खिशातून जाते. १८,००० चे सहा हप्ते ३,००० प्रमाणे धरले तर वरचे साधारण साडेतीनशे-चारशे रुपये जातील. आधी दुकानात रोख भाव विचार, रोखीला १,५०० कमी करत असेल तर नो कॉस्टमध्ये तू १,५०० हरलासच. आणि १८,००० ची लिमिट अडकते ती हप्त्यांबरोबर हळूहळू सुटते, ईएमआयची रक्कम दर महिन्याच्या बिलात येते आणि ती पण पूर्णच भरायची असते, नाहीतर वरचंच सगळं रामायण.

अट ही की वहिनीकडे आत्ता येणारी पिको-फॉलची कामं ती परत पाठवतेय का? मागच्या महिन्यात किती साड्या बाहेरून करून आणल्या, त्याचे किती दिले, ते तिला विचार. महिन्याला ३,००० चं काम जर आत्ता दुसऱ्याकडे जातंय तर मशीन घ्या, स्वच्छ कार्डावर, हप्ता मशीनच भरेल. नुसतं मशीन आलं की कामं येतील असं असेल तर थांबा, किंवा सेकंड हँड बघा, बऱ्याच बायका शिवणकाम बंद करतात आणि मशीन अर्ध्या किमतीत देतात. लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने घेतलंत तर पहिले हप्ते सोपे जातील.

दवाखान्याचं अजून एक. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर गेली असणार. वडिलांना परत काही झालं तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल कोणतं ते बघ, आता त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशनकार्ड आणि आधार वडिलांच्या फाइलमध्ये आत्ताच ठेवून दे. ॲडमिट करताना आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारायचं, डिस्चार्जच्या वेळी नाही. ५८,००० कार्डावर गेले ते अशाच घाईत गेले असतील.

आणि एवढं करूनही एखाद्या महिन्यात नाहीच जमलं, तर काय? तर तारखेच्या आधी बँकेला ईमेल कर, फोन नको, लिहून, की नोकरी गेलीय, अमुक इतके भरू शकतो, हप्ता कमी करून द्या. सेटलमेंटची ऑफर आली की अर्ध्यात सुटतो म्हणून लगेच हो म्हणू नकोस, सिबिलमध्ये सेटल्ड असा शिक्का पडतो आणि पुढे घराचं कर्ज घ्यायला गेलास की तो आडवा येतो. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यांना, सासरच्यांना सांगून बदनामी करू शकत नाहीत. कार्डाचे पैसे थकले म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे, चेक दिला आणि बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी, म्हणून घाबरून कोणाला चेक लिहून देऊ नकोस. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर फोन केलास तर कसं करायचं ते सांगतात, पैसे लागत नाहीत. आणि पाच मिनिटांत लोन देणारी ॲप, ज्यांना तुझे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी लागते, ती मोबाइलमध्ये असतील तर हे वाचून झाल्यावर काढून टाक.

कामाचं तू विचारलं नाहीस पण क्वालिटीची सहा वर्षं म्हणजे व्हर्नियर, गेज, रिपोर्ट लिहिणं हे सगळं तुझ्या हातात आहे. सातपूर-अंबडमध्ये थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करणारे रोजावर माणसं घेतात, कायम नोकरीची वाट बघताना ते घे. द्राक्षाच्या सीझनला पिंपळगाव, दिंडोरीकडच्या पॅकहाउसना एक्सपोर्टच्या मालाला क्वालिटीची माणसं लागतात, तीन-चार महिन्यांचं काम असतं पण तेवढे तुझे हप्ते निघतात. राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नाव टाकलं नसेल तर टाक.

आता असं कर. उद्या ॲपमध्ये ईएमआयचा दर आणि प्रोसेसिंग फी बघून ठेव, १८ तारखेच्या दोन दिवस आधीच ४१,६०० भर, शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो. ग्रॅच्युइटीचा अर्ज या आठवड्यात. बँकेने १८ टक्क्यांच्या वर दर सांगितला तर हो म्हणायच्या आधी मला लिही, आणि वहिनीने मशीनबद्दल साड्यांचा काय आकडा सांगितला तोही कळव.